न दिसणाऱ्यांची भावकी



मागच्या भागात आपण अँटिबायोटिक गोळ्यांबद्दल बोललो. गोळ्या अर्धवट सोडल्या की जिवाणू कसे निर्ढावतात, ते पाहिले. त्यानंतर गटांच्या बैठकांमध्ये एक प्रश्न पुन्हा पुन्हा आला. उद्या या गोळ्या लागूच पडल्या नाहीत, तर या जिवाणूंना मारणारे दुसरे कोणी आहे की नाही?

आहे. आपल्या उकिरड्यात आहे, गोठ्यातल्या शेणात आहे, नदीच्या पाण्यात आहे, आपल्या आतड्यातसुद्धा आहे. ते म्हणजे जिवाणूंना धरणारे विषाणू. शास्त्रज्ञ त्यांना बॅक्टेरियोफेज म्हणतात, म्हणजे जिवाणू खाणारे. आपण थोडक्यात फेज म्हणू. आज त्यांचा शंभर वर्षांचा इतिहास सांगते. त्यात मुख्य प्रश्न एकच आहे. एवढ्या मोठ्या गोतावळ्यात कोण कोणाच्या भावकीतले, हे माणसाने ओळखले कसे? आणि ते ओळखणे एवढे महत्त्वाचे का?

आधी जिवाणू आणि विषाणू यांतला फरक समजून घेऊ. जिवाणू म्हणजे बॅक्टेरिया. एकाच पेशीचा, पण पूर्ण संसार असलेला जीव. तो खातो, वाढतो, एकाचे दोन होतो. दही लावणारे जिवाणू आपले मित्र. क्षयाचे, हगवणीचे जिवाणू आपले शत्रू. विषाणू त्याहून कितीतरी लहान. त्याला स्वतःचे घर नाही, चूल नाही. तो दुसऱ्याच्या घरात शिरतो आणि त्याच्याच चुलीवर, त्याच्याच शिध्यात आपला स्वयंपाक उरकतो. फेज जिवाणूला चिकटतो आणि आपला वंशाचा धागा आत सोडतो. काही जातींत तर अर्ध्या तासात शंभरावर नवे फेज तयार होतात आणि जिवाणू फुटतो. माणसाच्या पेशीवर मात्र फेजचे काही चालत नाही. तो फक्त जिवाणूंचा वैरी.

पृथ्वीवर फेज किती असतील? शास्त्रज्ञांचा अंदाज आहे की एकावर एकतीस शून्ये द्यावीत, एवढे. ही संख्या वाचायला आपल्याकडे शब्द नाही. जगातले दुसरे कोणतेही जीव संख्येने यांच्या जवळपास येत नाहीत.

यमुनेचे पाणी आणि हगवणीचे सैनिक

ही गोष्ट आपल्या देशातूनही जाते. १८९६ साली अर्नेस्ट हँकिन नावाचे इंग्रज जिवाणूशास्त्रज्ञ आग्र्याला काम करत होते. त्या काळी पटकी म्हणजे कॉलरा गावेच्या गावे रिकामी करत असे. हँकिन यांनी गंगा आणि यमुनेचे पाणी तपासले. त्या पाण्यात पटकीचे जिवाणू टाकले तर ते मरत होते. पण तेच पाणी उकळून घेतले की त्याची ती ताकद निघून जात होती. पाण्यात नक्की काय आहे, हे हँकिन यांना उलगडले नाही. आज बरेच जण त्यामागे फेज असावेत असे म्हणतात.

१९१५ साली लंडनमध्ये फ्रेडरिक ट्वॉर्ट यांना दिसले की काचेच्या बशीत वाढवलेले जिवाणू काही ठिकाणी विरघळून पारदर्शक होत आहेत. हे काहीतरी सांसर्गिक आहे, एका बशीतून दुसरीत नेता येते, हे त्यांनी लिहून ठेवले. पण ते काय आहे, हे ठामपणे सांगितले नाही.

ते ठामपणे सांगितले फेलिक्स देरेल यांनी. हे बरेचसे स्वतःच शिकलेले गृहस्थ पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम करत होते. पहिले महायुद्ध चालू होते आणि फ्रेंच घोडदळाच्या एका तुकडीत रक्ती हगवण पसरली होती. देरेल यांनी आजारी सैनिकांची विष्ठा पाण्यात कालवली आणि अगदी बारीक गाळणीतून गाळून घेतली. त्या गाळणीतून जिवाणू पलीकडे जाऊ शकत नाहीत. तरी ते गाळलेले पाणी हगवणीच्या जिवाणूंना मारत होते. म्हणजे जिवाणूंपेक्षाही लहान असे काहीतरी त्यात होते. १० सप्टेंबर १९१७ रोजी त्यांचा निबंध फ्रान्सच्या विज्ञान अकादमीपुढे मांडला गेला आणि ‘बॅक्टेरियोफेज’ हे नाव जगाला मिळाले. १९१९ साली त्यांनी हे द्रावण आधी स्वतः पिऊन पाहिले आणि मग पॅरिसच्या रुग्णालयात रक्ती हगवणीने आजारी असलेल्या बारा वर्षांच्या मुलाला दिले. मुलगा बरा झाला.

पुढे देरेल भारतातही आले. १९२७ साली पंजाबात पटकीच्या साथीत त्यांनी फेज वापरले. रोग्यांना पाजले, गावच्या विहिरींतही टाकले. त्यानंतरच्या वर्षांत आसामातल्या नौगाव जिल्ह्यात पटकीसाठी फेज मोठ्या प्रमाणावर वाटले गेले. गावच्या मुखियांकडे त्याच्या कुप्या ठेवत असत. आपल्या मुंबईच्या हाफकिन संस्थेतही प्लेगवर फेज वापरून पाहण्याचे प्रयोग झाले. तिकडे जॉर्जिया देशात तिबिलिसी शहरात जॉर्ज एलियावा यांनी १९२३ साली जी संस्था उभी केली, तिथे तर फेजचे उपचार आजतागायत चालू आहेत.

एक की अनेक?

आता आपला मुख्य प्रश्न येतो. देरेल यांचा समज असा होता की फेज ही एकच जात आहे. तीच कधी हगवणीच्या जिवाणूंना मारायला शिकते, कधी पटकीच्या. १९१८ साली त्यांनी तिला एकच शास्त्रीय नावही देऊन टाकले. काही मोठे शास्त्रज्ञ तर म्हणत होते की हा जीवच नाही. जिवाणूच्या आतून पाझरणारे ते एक रसायन आहे. दोन्ही बाजूंनी वर्षानुवर्षे वाद झाला.

ऑस्ट्रेलियाच्या फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट यांनी १९२० आणि ३० च्या दशकांत एक वेगळीच परीक्षा घेतली. एखादा फेज प्राण्याला टोचला की त्याच्या रक्तात त्या फेजला अडवणारी प्रतिद्रव्ये तयार होतात. बर्नेट यांनी पाहिले की एका फेजविरुद्धचे प्रतिद्रव्य दुसऱ्या फेजला अडवेलच असे नाही. जे एकमेकांच्या प्रतिद्रव्याने अडतात, ते एका गटातले. जे अडत नाहीत, ते परके. अशा रीतीने त्यांनी फेजचे वेगवेगळे गट पाडून दाखवले. फेज एक नव्हेत, अनेक आहेत, हे त्यातून स्पष्ट झाले.

हा वाद केवळ पुस्तकी नव्हता. १९३० च्या दशकात युरोप-अमेरिकेत औषध कंपन्या फेजच्या बाटल्या विकत होत्या. बाटलीत नेमका कोणता फेज आहे, तो या रोग्याच्या जिवाणूला धरतो की नाही, हे कोण तपासणार? काही बाटल्यांत तर जिवंत फेजच उरलेला नसे. एक रोगी बरा होई, दुसऱ्याला काहीच फरक पडत नसे. १९३४ साली अमेरिकेत वैद्यकीय तज्ज्ञांनी सगळे पुरावे तपासून या उपचारावर शंका घेतली. थोड्याच वर्षांत पेनिसिलिन आले. एकाच औषधाने अनेक तऱ्हांचे जिवाणू मरू लागले. मग फेजच्या मागे कोण लागतो? पाश्चात्त्य देशांत हा उपचार मागे पडला. ओळख न पटवता औषध वाटले, त्याची ही किंमत होती.

ओळखीचा उपयोग उलट बाजूनेही होतो. १९३५ साली न्यूझीलंडच्या व्हाइटहेड आणि कॉक्स यांनी दाखवले की चीज करताना विरजण अचानक मरते, त्यामागे फेज असतात. घरात दही न लागण्याची कारणे बहुधा साधी असतात, थंडी असते किंवा दूध फार गरम असते. पण हजारो लिटर दुधाच्या कारखान्यात फेज शिरला तर दिवसाचे काम वाया जाते. म्हणून अशा कारखान्यांत कोणता फेज आला आहे ते तपासतात आणि त्याला न जुमानणारे विरजण आलटूनपालटून वापरतात.

चेहरा दिसला

इतकी वर्षे फेज कोणी पाहिलेलाच नव्हता. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली तो दिसत नाही. जर्मनीत एर्न्स्ट रुस्का यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक तयार केला. त्यांचे भाऊ हेल्मुट रुस्का हे डॉक्टर होते. त्यांनी १९४० च्या सुमारास त्या यंत्राखाली फेज पाहिले. १९४२ साली अमेरिकेत लुरिया आणि अँडरसन यांनीही स्पष्ट छायाचित्रे काढली. बघणारे थक्क झाले. फेजला डोके होते आणि शेपटी होती! काहींना तर कोळ्यासारखे बारीक पायही होते, ज्यांनी ते जिवाणूवर पाय रोवून बसत. हे रसायन नाही, हा घडीव आकार आहे, हे आता डोळ्यांना दिसत होते.

मग साहजिकच चेहऱ्यावरून भावकी ठरू लागली. १९६७ साली ब्रॅडली यांनी फेजचे सहा मुख्य आकार सांगितले. आखडणारी शेपटी असलेले, लांब पण न आखडणारी शेपटी असलेले, आखूड शेपटीचे, बिनशेपटीचे दोन प्रकार आणि दोऱ्यासारखे लांबट. विषाणूंची नावे सगळ्या जगात एकसारखी असावीत म्हणून १९६६ साली आंतरराष्ट्रीय समिती नेमली गेली होती. तिनेही हीच वाट धरली. पुढे शेपटीवाल्या फेजची तीन कुले झाली. आखडत्या शेपटीचे मायोव्हिरिडी, लांब शेपटीचे सायफोव्हिरिडी, आखूड शेपटीचे पोडोव्हिरिडी. १९९८ साली या तिन्ही कुलांचा मिळून एक गण केला गेला.

कॅनडाच्या हान्स-वोल्फगांग आकरमान यांनी उभे आयुष्य ही मोजदाद केली. २००७ साली त्यांनी हिशेब मांडला. तोवर जगात साडेपाच हजार फेज इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले गेले होते आणि त्यांतले शेकडा ९६ शेपटीवाले होते.

वही नीट लागली, असे वाटले. पण आतल्या आत एक गोष्ट या वहीला पोखरत होती. ती कळायला एका स्वयंपाकघरातल्या यंत्राची गोष्ट ऐकावी लागेल.

मिक्सरमधला प्रयोग

१९५२ साल. अमेरिकेतल्या कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेत आल्फ्रेड हर्शे आणि त्यांची सहायक मार्था चेस काम करत होते. मार्था तेव्हा पंचविशीच्या आतबाहेर होती आणि तिच्याकडे फक्त पहिली पदवी होती. फेजचे दोन भाग असतात. बाहेर प्रथिनाचे टरफल, आत डीएनएचा धागा. दोघांनी टरफलाला एक खूण लावली आणि धाग्याला दुसरी. खुणांसाठी किरणोत्सारी पदार्थ वापरले. मग ते फेज जिवाणूंवर सोडले. ते चिकटून बसल्यावर सगळे मिश्रण मिक्सरमध्ये फिरवले. हो, घरात वाटण करायला असतो तसाच मिक्सर! त्या घुसळणीने बाहेर चिकटलेली टरफले सुटून आली. जिवाणूच्या आत काय गेले, ते तपासले. आत बहुतेक धागाच गेला होता. टरफल बाहेरच राहिले होते. आणि तरी आतून पूर्ण फेज तयार होऊन बाहेर पडले.

याचा अर्थ असा की वंश टरफलात नसतो, धाग्यात असतो. हर्शे यांना १९६९ साली नोबेल मिळाले, दुसऱ्या दोन शास्त्रज्ञांबरोबर. मार्था चेसचे नाव त्यात नव्हते. पण तो प्रयोग आजही दोघांच्या नावाने, हर्शे-चेस म्हणूनच शिकवला जातो.

त्याच सुमारास आणखी एका बाईने फेजची दुसरी बाजू दाखवली. एस्थर लेडरबर्ग यांनी १९५१ साली लॅम्डा नावाच्या फेजचा शोध जाहीर केला. हा फेज आतड्यातल्या जिवाणूत शिरतो, पण त्याला लगेच मारत नाही. जिवाणूच्या धाग्यात आपला धागा गुंफून गुपचूप बसतो. जिवाणूची पोरे-नातवंडे वाढतात, त्यांच्याबरोबर हाही वाढतो. संकट आले की मग बाहेर पडतो.

हा गुपचूप बसणारा प्रकार किती घातक ठरू शकतो, हे त्याच वर्षी कळले. घटसर्पाची लस आपण आपल्या बाळांना देतो. घटसर्पाचा जिवाणू जे विष तयार करतो, ते मुळात त्याचे स्वतःचे नाहीच. त्याच्यात लपून बसलेल्या फेजने ते आणलेले असते. १९५१ साली फ्रीमन यांनी दाखवून दिले की असा फेज शिरला की निरुपद्रवी जिवाणूही विषारी होतो. आणि १९९६ साली वाल्डोर आणि मेकालानोस यांना पटकीच्या बाबतीतही तेच आढळले. जुलाबाने माणसाला काही तासांत कोरडे पाडणारे ते विषही एका फेजनेच जिवाणूला दिले आहे.

आता बघा, सख्यांनो. एक फेज पटकीच्या जिवाणूला मारतो. दुसरा फेज त्याच जिवाणूच्या हातात विष देतो. दोघेही फेजच. म्हणून नुसते ‘फेज चांगले’ म्हणून भागत नाही. कोणता फेज, कोणत्या घराण्यातला, त्याच्या पोटात काय आहे, हे माहीत हवे.

गोधडीचे ठिगळ

वंश धाग्यात असतो हे कळले, पण धागा वाचता येत नव्हता. डीएनएचा धागा म्हणजे चार अक्षरांत लिहिलेली लांब ओळ. काही फेजमध्ये त्याच्याऐवजी आरएनए असते, पण तीही चार अक्षरांचीच ओळ. १९७६ साली बेल्जियममध्ये एका छोट्या आरएनए फेजची सगळी ओळ वाचली गेली, ३,५६९ अक्षरे. १९७७ साली इंग्लंडमध्ये फ्रेडरिक सँगर यांच्या गटाने दुसऱ्या एका फेजची डीएनएची ओळ वाचली, सुमारे ५,४०० अक्षरे. कोणत्याही विषाणूची किंवा जिवाची पूर्ण ओळ वाचण्याचा मान असा फेजपासूनच सुरू झाला. माणसाचा नंबर फार नंतर लागला.

जसजशा जास्त ओळी वाचल्या गेल्या, तसतशी चेहऱ्यावरून लावलेली वही चुकीची ठरू लागली. दोन फेजची शेपटी हुबेहूब सारखी, पण आतली ओळ अजिबात जुळत नाही. उलट दोघांचे चेहरे वेगळे, पण आतले कितीतरी तुकडे एकसारखे. याचे कारण फेजच्या वागण्यात आहे. एकाच जिवाणूत दोन फेज शिरले की त्यांच्या धाग्यांची देवाणघेवाण होते. लपून बसलेल्या फेजकडूनही तुकडे उचलले जातात. असे लाखो वर्षे चालले आहे. त्यामुळे फेजचा धागा म्हणजे आपली गोधडी समजा. एक ठिगळ आजीच्या लुगड्याचे, एक मामाच्या धोतराचे, एक शेजारणीने दिलेल्या साडीचे. आता ही गोधडी कोणत्या एका कापडाची म्हणायची?

दुसरी अडचण अशी की सगळ्या विषाणूंत सापडेल असा एकही समान जनुक नाही. जिवाणूंमध्ये असा समान जनुक असतो. त्यावरून त्यांची वंशावळ काढता येते. विषाणूंना तशी एक सामाईक खूणच नाही. म्हणून ओळ पूर्ण वाचून, ठिगळ-ठिगळ ताडून पाहावे लागते.

आणि वाचायचे तरी किती? २००२ साली अमेरिकेत मया ब्राइटबार्ट आणि सहकाऱ्यांनी समुद्राचे २०० लिटर पाणी घेतले आणि त्यातल्या विषाणूंचे धागे सरळ वाचले. निम्म्याहून कितीतरी जास्त, शंभरातले ६५, तुकडे तोवरच्या कोणत्याच नोंदीशी जुळेनात. २०१४ साली माणसाच्या विष्ठेतल्या जुन्या नोंदी संगणकावर जुळवताना एक असा फेज सापडला, जो जगभरातल्या असंख्य लोकांच्या आतड्यात होता. तरीही तोवर कोणी त्याला ओळखत नव्हते. त्याला प्रयोगशाळेत प्रत्यक्ष वाढवता आले ते २०१८ साली. २०२० साली जिल बॅनफिल्ड यांच्या गटाने ७ लाख ३५ हजार अक्षरांचा महाकाय फेज नोंदवला. कुठे साडेतीन हजार आणि कुठे सात लाख!

शेवटी आंतरराष्ट्रीय समितीने वही नव्याने लावायची ठरवली. या कामात एव्हेलिन आद्रियान्सेन्स या शास्त्रज्ञ बाईंचा मोठा वाटा आहे. २०२२ साली मायोव्हिरिडी, सायफोव्हिरिडी, पोडोव्हिरिडी ही तिन्ही कुले आणि त्यांचा गण रद्द केला गेला. कित्येक दशके पाठ्यपुस्तकांत असलेली नावे! शेपटीवाले सगळे फेज आता एका मोठ्या वर्गात ठेवले आहेत आणि त्यांची नवी कुले आतल्या ओळीवरून पाडली जात आहेत. नियम साधा आहे. शंभरातली ९५ अक्षरे जुळली तर एक जात. ७० च्या आसपास जुळली तर एक प्रजाती. गटाच्या जुन्या नोंदवहीत आपण फोटो पाहून बाई ओळखत होतो. आता अंगठ्याचा ठसा जुळवतो. तसेच हे झाले.

कुजके वांगे

अक्षरे जुळवत बसण्याने कोणाचे काय भले होते, असे तुमच्या मनात आले असेल. त्याचे उत्तर एका वांग्यात आहे.

अमेरिकेत पिट्सबर्गचे प्राध्यापक ग्रॅहम हॅटफुल विद्यार्थ्यांकडून मातीतले फेज शोधून घेतात. २००८ पासून तर कितीतरी कॉलेजांत हा उपक्रम चालतो. पहिल्या वर्षाची मुले-मुली परसातली माती आणतात, त्यातून क्षयाच्या चुलत भावंडांसारख्या जिवाणूंना मारणारा फेज वेगळा करतात, त्याला हवे ते नाव देतात, त्याची ओळ वाचून गट ठरवतात. असे दहा हजारांहून जास्त फेज गोठवून ठेवले आहेत. २०१० साली दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनमध्ये एका विद्यार्थिनीने खताच्या ढिगातले कुजलेले वांगे घेतले. त्याच्या खालच्या बाजूला सापडलेल्या फेजचे नाव ठेवले मडी, म्हणजे चिखलाळ. नोंद झाली, बाटली गोठवली.

आठ वर्षे गेली. लंडनच्या रुग्णालयात पंधरा वर्षांची एक मुलगी अखेरच्या घटका मोजत होती. तिला जन्मजात फुप्फुसांचा आजार होता. दोन्ही फुप्फुसे बदलली, पण क्षयाच्या नात्यातला एक जिवाणू अंगभर पसरला. एकही अँटिबायोटिक लागू पडत नव्हते. डॉक्टरांनी हॅटफुल यांच्याकडे तिचा जिवाणू पाठवला. साठ्यातून निवडून निवडून तीन फेज हाती लागले. त्यांतला एक मडी. बाकीचे दोन गुपचूप बसणाऱ्या घराण्यातले होते. पण त्यांचा धागा आधीच वाचलेला होता, घराणे माहीत होते. त्यामुळे त्यांना गप्प बसवणारा जनुक कोणता, हेही माहीत होते. तो काढून टाकला आणि ते दोघेही मारक झाले. जून २०१८ मध्ये उपचार सुरू झाले. काही महिन्यांत जखमा भरत आल्या, मुलगी घरी गेली. आजार मुळासकट गेला नाही, फेज चालूच ठेवावे लागले. पण ती शाळेत जाऊ लागली.

याच गोष्टीचा दुसरा भागही सांगायला हवा. त्याच रुग्णालयात, त्याच नावाच्या जिवाणूने आजारी असलेला आणखी एक रोगी होता. त्याच्या जिवाणूला मारणारा फेज साठ्यात सापडला नाही. शोध चालू असतानाच तो रोगी गेला. जिवाणूचे नाव एकच, पण वाण वेगळे. एकाला चालणारा फेज दुसऱ्याला चालला नाही. देरेल यांनी ज्याला एकच जात म्हटले होते, ती एक नाही, याचा हा किती कडू पुरावा!

आपल्यासाठी काय?

ही गोष्ट ऐकून कोणी मेडिकलमध्ये फेजची बाटली मागायला जाऊ नका. बहुतेक देशांत हा अजून नेहमीचा उपचार नाही. जिथे होतो, तिथे रोग्याचा जिवाणू तपासून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली होतो. क्षय झाला असेल तर सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या शेवटच्या दिवसापर्यंत घ्यायच्या. त्याला आज दुसरा पर्याय नाही.

नदीच्या पाण्यात फेज असतात म्हणून ते पाणी शुद्ध, असेही समजू नका. जिथे फेज भरपूर, तिथे त्यांचे खाद्यही भरपूर असते. पाणी उकळूनच प्या. उकळल्यावर फेज मरतात, मरू द्या. पटकीचे जिवाणूही मरतात, ते महत्त्वाचे.

आणि अँटिबायोटिक जपून वापरा. सर्दीला, साध्या तापाला मेडिकलवाल्याकडून दोन गोळ्या घेऊ नका. शेजारणीच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नका. त्या मुलीच्या वाट्याला दहा हजारांतून तीन फेज आले, दुसऱ्या रोग्याच्या वाट्याला एकही नाही. फेजचा भरवसा इतका बेताचा आहे. गोळ्या लागू पडताहेत तोवर त्या सांभाळणे आपल्याच हातात आहे.

बाकी आपल्या परसातल्या उकिरड्यात आज किती अनोळखी घराणी नांदत असतील, कोण जाणे. त्यांची वही अजून कोरीच आहे. तुमच्या मुली विज्ञान शाखेला असतील तर त्यांना हे जरूर सांगा. या वहीतली काही पाने त्यांनी भरली तर काय हरकत आहे?

गटाच्या बैठकीत चर्चेसाठी तीन प्रश्न देते. गेल्या वर्षभरात आपल्या गटातल्या किती घरांत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक घेतले गेले? किती जणींनी गोळ्या मध्येच सोडल्या, आणि का? प्यायचे पाणी उकळायला जळण पुरत नसेल तर गट म्हणून आपण काय करू शकतो? उत्तरे इतिवृत्तात लिहा आणि केंद्रावर पाठवा. पुढच्या भागात त्यावर बोलू.